नाण्यांची कोडी

ठरावीक किमतींची नाणी घेऊन एखादी रक्कम जुळते का, जुळत असल्यास किती प्रकारे आणि कमीत कमी किती नाण्यांत, असे विचारणाऱ्या अंकगणिती कोड्यांना हे नाव आहे. मोड देताना हा हिशेब सारेच करतात. १, २ व ५ रुपयांच्या नाण्यांनी १० रुपये १० प्रकारे जुळतात. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येण्यापूर्वीच्या चलनात केवळ चवली (२ आणे), पावली (४ आणे) व अधेली (८ आणे) वापरून रुपया, म्हणजे १६ आणे, ९ प्रकारे जुळत असे.

या कोड्यांचे मूळ कोठे मानावे, याविषयी मतभेद आहेत. त्यांच्याशी नाते सांगणारे ‘शंभर पक्ष्यांचे’ उदाहरण चीनमध्ये इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमारास आढळते. भारतात ते नवव्या शतकातील जैन गणिती महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रहा’त आहे: ३ पणांना (पण हे जुने नाणे) ५ कबुतरे, ५ पणांना ७ सारस, ७ पणांना ९ हंस आणि ९ पणांना ३ मोर या दराने राजपुत्रासाठी १०० पणांत १०० पक्षी आणावयाचे आहेत. ५ कबुतरे, ५६ सारस, २७ हंस व १२ मोर हे त्याचे एक उत्तर आहे (खर्च अनुक्रमे ३, ४०, २१ व ३६ पण). महावीराचार्यांनी ग्रंथारंभी राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाची स्तुती केली आहे. त्या राजाची राजधानी मान्यखेट म्हणजे सोलापूरलगतच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड होय, परंतु एवढ्यावरून ग्रंथ तेथेच रचला गेला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. या ग्रंथाची लक्ष्मीचंद्र जैन यांनी हिंदी अनुवादासह संपादित केलेली आवृत्ती १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध केली. मात्र पक्ष्यांच्या उदाहरणात नगांची संख्या व रक्कम या दोन्ही अटी एकदम पाळावयाच्या असतात आणि नाण्यांच्या कोड्यात केवळ रकमेची. म्हणून ते पूर्वज न मानता जवळचे नातलग मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

दोन किमतींची नाणी कितीही दिली, तरी न जुळणारी सर्वांत मोठी रक्कम कोणती, हा या कुलातील सर्वांत प्रसिद्ध प्रश्न. क व ख या दोन किमतींना १ खेरीज सामाईक विभाजक नसेल, तर ती रक्कम कख − क − ख इतकी असते. १९६४ मध्ये आलेले ३ पैशांचे षट्कोनी नाणे आणि ५ पैशांचे नाणे घेतल्यास ती १५ − ३ − ५ = ७ पैसे होते. ८ म्हणजे ३ व ५, ९ म्हणजे तीन वेळा ३, १० म्हणजे दोनदा ५; पुढे प्रत्येकीत तीन-तीन पैसे मिळवीत गेले की सर्व रकमा जुळतात. १, २, ४ व ७ या चारच रकमा हुकतात. हा प्रश्न जर्मन गणिती फ्रोबेनिअस (१८४९–१९१७) यांच्या नावाने ओळखला जातो, तो ते आपल्या व्याख्यानांत मांडीत असत असे गणिती ब्राउअर यांनी १९४२ मध्ये नमूद केल्यामुळे. इंग्रज गणिती सिल्व्हेस्टर यांनी मात्र त्याआधीच, १८८४ मध्ये, एका शैक्षणिक नियतकालिकात न जुळणाऱ्या रकमांची संख्या (क−१)(ख−१)/२ असते हे सिद्ध करण्यास वाचकांना सांगितले होते. सर्वांत मोठ्या रकमेचे सूत्रही तेथेच छापले होते, असे अनेकदा लिहिले जाते. प्रश्नाचा मजकूर तसा नाही. तीन किंवा अधिक किमतींसाठी इतके सुटसुटीत सूत्र नाही.

कमीत कमी नाण्यांच्या कोड्यात ‘आधी सर्वांत मोठे नाणे’ ही रीत नेहमी उपयोगी पडत नाही. १९६८ मध्ये २० पैशांचे नाणे आल्यावर ते २५ पैशांच्या नाण्यासोबत गल्ल्यात असे. सोलापुरातील एखाद्या दुकानदाराला ४० पैसे परत द्यावयाचे असते, तर या रीतीने त्याला २५, १० व ५ अशी तीन नाणी मोजावी लागली असती. वस्तुतः २० पैशांची दोनच पुरेशी होती. २५ पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, आणि १, २, ५, १० व २० रुपयांच्या सध्याच्या मालिकेत ही रीत कोठेही चुकत नाही.