फ्लामेन्को गिटार, पिकअपयुक्त (नृत्यवर्गातील साथ)

फ्लामेन्को नृत्याच्या वर्गात पायांच्या ठोक्यांतूनही ऐकू यावी म्हणून पिकअप (तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग) आणि अ‍ॅम्प (आवाज वाढवणारा स्पीकर) लावून वाजवली जाणारी नायलॉन तारांची गिटार. फ्लामेन्को ही दक्षिण स्पेनमधील आंदालुसियाची गायन, गिटार आणि नृत्याची परंपरा. २०१० साली युनेस्कोने तिची अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली.

वाद्याची घडण साथीसाठीच आहे. पाठ आणि बाजू सायप्रसच्या हलक्या लाकडाच्या, पुढची फळी बहुधा स्प्रूसची. बाराव्या फ्रेटवर (दांड्यावरील धातूची आडवी पट्टी) तारांची उंची सुमारे २.५ ते ३ मिमी, म्हणजे क्लासिकल गिटारपेक्षा कमी. त्यामुळे स्वर तुटक, धारदार येतो आणि चटकन विरतो. तारांखाली चिकटवलेल्या प्लास्टिकच्या पट्टीवर बोटाने मारलेला ठोका, ‘गोल्पे’, हा तालाचाच भाग असतो. सोलेआ, बुलेरियास यांसारख्या प्रकारांत बारा मात्रांचे आवर्तन असते आणि जोर ३, ६, ८, १०, १२ या मात्रांवर पडतो. ठाण्यात कथक शिकलेल्यांना एकतालाच्या बारा मात्रा पाठ असतात, पण पहिल्या मात्रेवर सम धरणारा कान इथे सुरुवातीला गोंधळतो. अशा वेळी विद्यार्थी गिटारच्या ठोक्याकडेच कान लावतो. तो दबला, तर वर्ग भरकटतो. म्हणून निवड करताना मोठ्या आवाजापेक्षा ठोक्याच्या स्पष्टतेला महत्त्व द्यावे.

नायलॉन तारांवर इलेक्ट्रिक गिटारचे चुंबकीय पिकअप चालत नाही. सॅडलखाली (तारा ज्यावर टेकतात ती पट्टी) बसणारा पिझो, म्हणजे दाबातून संकेत देणारा पिकअप, पुढच्या फळीला चिकटवायचा पिकअप किंवा माइक, एवढेच मार्ग उरतात. माइकचा आवाज सर्वांत खरा. पण वर्गात तो टाळ्या आणि पायही तितक्याच उत्साहाने उचलतो. फळीवरचा पिकअप गोल्पेचा धडाका करतो. नेहमीच्या वर्गासाठी सॅडलखालचा पिझो आणि त्याला बरा प्रीअँप (पिकअपचा क्षीण संकेत अ‍ॅम्पला जाण्याआधी वाढवणारा भाग) हीच जोडी योग्य. पिझोचा आवाज थोडा कोरडा, टोकदार वाटतो, पण या संगीताला ते फारसे खटकत नाही. घेण्यापूर्वी एकेक तार सारख्या जोराने छेडून पाहावी. सॅडल नीट टेकलेले नसेल तर एखादी तार दबते. बाजारात ‘इलेक्ट्रो-क्लासिकल’ म्हणून मिळणाऱ्या पातळ अंगाच्या गिटारी फीडबॅक (अ‍ॅम्पचा आवाज पुन्हा पिकअपमध्ये शिरून होणारी शीळ किंवा घोंगावणे) कमी देतात, मात्र बहुतेकींना ठोक्याची पट्टी नसते आणि अ‍ॅम्पविना त्या फिक्या वाजतात. आधी उत्तम साधी फ्लामेन्को गिटार घेऊन मग जाणकार कारागिराकडून पिकअप बसवून घेणे केव्हाही सरस.

ठाणे आणि नवी मुंबईत असे वर्ग सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये किंवा भाड्याच्या हॉलमध्ये भरवायचे तर लादीवर प्लायवूडच्या फळ्या टाकाव्या लागतात. फळी पोकळ राहिली की ढोलासारखी घुमते आणि तो घुमारा गिटारच्या खालच्या स्वरांना गिळतो. त्यामुळे अ‍ॅम्प जमिनीवर न ठेवता खुर्चीवर, वादकाच्या बाजूला, नाचणाऱ्यांकडे तोंड करून ठेवावा. गिटारच्या पोकळीचा स्वतःचा नाद १०० हर्ट्झच्या आसपास असतो. तिथला बास थोडा कमी केला की फीडबॅक बराचसा थांबतो. छोट्या हॉलला ३० ते ६० वॉटचा अकूस्टिक अ‍ॅम्प पुरतो. लोकलने ये-जा करणाऱ्याने वॉट जितके पाहावेत तितकेच वजनही पाहावे. बॅटरीवर चालणारा अ‍ॅम्प असेल तर प्लगपासून सुटका होते. गिटारच्या प्रीअँपमध्येही बहुधा ९ व्होल्टची बॅटरी असते. वर्ग संपला की गिटारमधून केबलचा जॅक काढावा, एरवी ती हळूहळू उतरत राहते.

दुकानाच्या शांत खोलीत केलेली परीक्षा पुरेशी नसते. शक्य तर वाद्य वर्गात नेऊन, चारपाच जण एकदम पाय मारत असताना वाजवून पाहावे.

पावसाळ्यात दमट हवेने लाकूड फुगते, गिटारची पुढची फळी वर उचलली जाते आणि तारांची उंची वाढते. एसी हॉलमधून बाहेर येताना हा बदल अधिक जाणवतो. जून ते सप्टेंबर गिटार कडक पेटीत सिलिका जेलसह ठेवावी आणि थोडे कमी उंचीचे दुसरे सॅडल तयार करून घ्यावे.