फायनल, फॉर्म आणि सिंधू: दहा वर्षांच्या टीकेची पार्श्वभूमी

बॅडमिंटनपटू पी. व्ही. सिंधू पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरली की प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. ‘आता थांबा’, ‘जाहिराती कमी, सराव जास्त करा’ असे सांगणारे एकीकडे. ‘दोन ऑलिंपिक पदके आहेत तिच्याकडे, तुम्ही गल्लीत तरी खेळलात का?’ म्हणत त्यांच्यावर तुटून पडणारे दुसरीकडे. सामना कोणाशी होता, तिसऱ्या गेममध्ये गुण कसे फिरले, हे दोन्ही बाजूंच्या गावी नसते. त्यात तिने सामन्यानंतर ‘काही सोप्या चुका झाल्या, पुढच्या वेळी सुधारेन’ असे म्हटले, की त्या वाक्याचीच चिरफाड सुरू होते. हे काही तिच्या अलीकडच्या पराभवांमुळे घडलेले नाही. याची सुरुवात ती अगदी भरात असताना झाली.

त्याआधी थोडे सायनाविषयी. नंदू नाटेकर यांनी 1956मध्ये क्वालालंपूरला सेलांगर स्पर्धा जिंकली किंवा प्रकाश पदुकोण यांनी 1980मध्ये ऑल इंग्लंडचे विजेतेपद मिळवले, तेव्हा चाहत्याला निकाल कळायचा तो वर्तमानपत्रातून. खेळाडूचा फॉर्म आठवड्याला मोजण्याची सोय नव्हती आणि कोणाला हौसही नव्हती. सायना नेहवालने हे बदलले. 2012च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तिला कांस्य मिळाले, पण त्या लढतीत चीनची वँग शिन पहिला गेम 21-18 असा जिंकून पुढे असताना गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर पडली होती. ‘आयते मिळालेले पदक’ हा टोमणा तेव्हापासून सायनाच्या मागे लागला. उपांत्य फेरीपर्यंत कोणी आयते पोहोचत नाही, हे सांगणारे थोडे होते.

ऑगस्ट 2016मध्ये रिओत सायना गटसाखळीतच युक्रेनच्या मारिया उलितिनाकडून हरली. तिचा गुडघा आधीपासून दुखत होता, परत आल्यावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली. इकडे सिंधूची घोडदौड चालू होती. एका चाहत्याने सायनाला ट्विटरवर सरळ बॅगा भरायला सांगितले, आम्हाला दुसरी मिळाली म्हणून. सायनाने सिंधू खरोखर छान खेळते आहे, एवढेच उत्तर दिले. त्या माणसाने नंतर माफी मागितली आणि तिने ती मोकळ्या मनाने स्वीकारली. तिच्याजागी दुसरे कोणी असते तर एवढा संयम राहिला असता का, शंकाच आहे. मात्र एक फुलराणी मखरात बसवायची तर दुसरीला खाली उतरवायचे, ही रीत त्या आठवड्यात पडली. सिंधूलाही पुढे या रीतीचा हिसका बसला.

रिओतले रौप्य डोक्यावर घेऊन लोक नाचले, आणि ते योग्यच होते. ताई त्झू यिंग, लंडनची रौप्यविजेती वँग यिहान आणि मग नोझोमी ओकुहारा अशा तिघींना हरवून 21 वर्षांची मुलगी अंतिम फेरीत गेली होती. तिथेही स्पेनच्या कॅरोलिना मरिनविरुद्ध पहिला गेम तिने 21-19 असा घेतला आणि पुढचे दोन 12-21, 15-21 असे गमावले. प्रशिक्षक गोपीचंद यांनी स्पर्धेआधी तीन महिने तिचा फोन काढून घेतला होता, आइस्क्रीम बंद केले होते. या गोष्टी घरोघरी पोहोचल्या. ‘हरली’ असे तेव्हा कोणी म्हटले नाही.

एका वर्षात सूर पालटला. 27 ऑगस्ट 2017 रोजी ग्लास्गोत जागतिक स्पर्धेची अंतिम लढत झाली. समोर ओकुहारा. एक तास पन्नास मिनिटे चाललेला तो सामना ज्यांनी पाहिला त्यांना दुसऱ्या गेमचा शेवट विसरता येणार नाही: 73 फटक्यांची रॅली. ओकुहारा पाच फुटांच्या आसपास, सिंधू पावणेसहा फुटांहून उंच. एकीने फूल मागच्या रेषेवर टाकायचे, दुसरीने धावत जाऊन ते उचलायचे, मग जाळ्याजवळ ड्रॉप, पुन्हा मागे. गुण सिंधूला मिळाला, गेम 22-20 असा तिचा झाला आणि दोघींच्या अंगात उभे राहण्याचेही त्राण उरले नव्हते. तिसऱ्या गेममध्ये 20-20. तिथून ओकुहाराने दोन गुण घेतले. दुसऱ्या दिवशीचे कौतुक भरभरून होते, पण त्याच्या पोटात एक प्रश्नही होता: फायनलमध्ये हिला होते काय?

गंमत अशी की या प्रश्नाला उत्तर आधीच दिले गेले होते. नोव्हेंबर 2016मध्ये ती चायना ओपनची अंतिम लढत जिंकली होती. एप्रिल 2017मध्ये दिल्लीत इंडिया ओपनच्या अंतिम सामन्यात तिने मरिनलाच सरळ दोन गेममध्ये हरवले. ग्लास्गोनंतर तीन आठवड्यांत कोरिया ओपनच्या अंतिम फेरीत पुन्हा ओकुहारा आली आणि या वेळी सिंधू तीन गेममध्ये जिंकली. पण इंडिया ओपन किंवा कोरिया ओपन पाहणारा चाहता वेगळा आणि ऑलिंपिक, जागतिक, एशियाड एवढेच पाहणारा चाहता वेगळा. दुसऱ्याची संख्या कितीतरी जास्त आहे आणि बोलतोही तोच जास्त.

त्याला मग 2018 हे वर्ष मिळाले. फेब्रुवारीत इंडिया ओपनच्या अंतिम सामन्यात बेईवेन झँगविरुद्ध तिसरा गेम 20-22. एप्रिलमध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सायनाकडून पराभव. जुलैत थायलंड ओपनमध्ये ओकुहारा. ऑगस्टच्या सुरुवातीला नानजिंगला जागतिक स्पर्धेत पुन्हा मरिन. ऑगस्टअखेर जकार्ताला एशियाडमध्ये ताई त्झू यिंग. सात महिन्यांत पाच अंतिम फेऱ्या आणि पाचही हुकल्या. मोक्याच्या क्षणी कच खाते, दडपण पेलत नाही, अशी विश्लेषणे रोज छापून येऊ लागली. पत्रकार परिषदेत पहिला प्रश्न तोच आणि शेवटचाही तोच.

आता याच पाच लढतींकडे उलट्या बाजूने पाहू. एशियाडच्या बॅडमिंटन एकेरीत अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय होती. नानजिंगला अंतिम फेरीआधी तिने ओकुहारा आणि यामागुची या दोन जपानी खेळाडूंना हरवले होते. तेव्हाच्या महिला एकेरीत मरिन, ताई, ओकुहारा, यामागुची, चेन यूफेई यांच्यातली कोणीही कोणालाही कोणत्याही दिवशी हरवू शकत होती. माझ्या मते महिला बॅडमिंटनचा तो सर्वांत अटीतटीचा काळ होता. त्या गर्दीतून वारंवार शेवटच्या दोघींत येणे याला फॉर्म म्हणायचे नाही तर कशाला? उपांत्य फेरीत हरली असती तर हा प्रश्न कोणी विचारलाच नसता. ती पुढे गेली, हाच गुन्हा ठरला.

शरीराचा हिशेब तर कोणी मांडतच नव्हते. 2018पासून जागतिक महासंघाने पहिल्या पंधरा एकेरी खेळाडूंना वर्षाला किमान बारा स्पर्धा खेळणे बंधनकारक केले. सायनाने त्या वेळी या वेळापत्रकावर जाहीर नाराजी व्यक्त केली होती. जो खेळाडू लवकर हरतो त्याला विश्रांती मिळते. दर वेळी रविवारच्या अंतिम सामन्यापर्यंत टिकणाऱ्याला दोन दिवसांत पुढचे विमान पकडावे लागते.

मलेशियाचे उदाहरण इथे आठवते. ली चोंग वेई ऑलिंपिकच्या तीन अंतिम फेऱ्या हरला: 2008, 2012 आणि 2016. जागतिक विजेतेपदही त्याला कधी मिळाले नाही. लंडनमधल्या पराभवानंतर त्याने देशाची माफी मागितली, तेव्हा माफी कसली मागतोस, असे म्हणणाऱ्यांची रीघ लागली होती. त्या देशात तो आजही दैवत आहे. मलेशियात बॅडमिंटन वर्षभर पाहिले जाते, हे त्यामागचे एक कारण असावे. चीनच्या दिग्गज लिन डॅनविरुद्ध हरणे म्हणजे काय, हे त्या प्रेक्षकाला समजावून सांगावे लागत नव्हते.

डिसेंबर 2018मध्ये ग्वांगझूला वर्ल्ड टूर फायनल्समध्ये सिंधूने ओकुहाराला सरळ गेममध्ये हरवले. आता तरी मला फायनलबद्दल कोणी विचारणार नाही, असे ती हसत म्हणाली खरी. पण विचारणारे थांबले नाहीत, कारण ते ‘मोठे’ पदक नव्हते. ते 25 ऑगस्ट 2019 रोजी बासेलमध्ये आले: 21-7, 21-7, चाळीस मिनिटांच्या आत, पुन्हा ओकुहाराविरुद्धच. जागतिक स्पर्धेतले भारताचे पहिले सुवर्ण. त्यानंतर ती जे बोलली ते मला त्या स्कोअरइतकेच महत्त्वाचे वाटते. वारंवार प्रश्न विचारणाऱ्यांना हे माझे उत्तर आहे, ते रॅकेटनेच द्यायचे होते, अशा अर्थाचे ती बोलली. वयाच्या चोविसाव्या वर्षी जगज्जेती झालेल्या खेळाडूच्या तोंडी आनंदाच्या बरोबरीने टीकाकारांचा उल्लेख यावा, यावरून त्या दोन वर्षांत तिला काय ऐकावे लागले असेल याची कल्पना येते.

त्याच बासेलमध्ये आदल्या दिवशी मुंबईत वाढलेल्या मानसी जोशीने पॅरा-बॅडमिंटनचे जागतिक सुवर्ण जिंकले होते. 2011च्या अपघातात पाय गमावलेली ही इंजिनीअर मुलगी, पण तिच्या सुवर्णाची बातमी सिंधूच्या लाटेत वाहून गेली आणि लोकांनीच ओरड केल्यावर माध्यमांना जाग आली. चाहत्यांच्या आवाजाने काही चांगले घडल्याचे हे एक उदाहरण, म्हणून नोंदवून ठेवतो.

सुवर्णानंतर टीका संपायला हवी होती. झाले उलटे. महिनाभरात तिच्या सुवर्णाला मोठा हातभार लावणाऱ्या कोरियन प्रशिक्षक किम जी ह्यून घरच्या अडचणीमुळे मायदेशी परतल्या. चीन, कोरिया, डेन्मार्क अशा लागोपाठच्या स्पर्धांतून सिंधूला लवकर गाशा गुंडाळावा लागला. डेन्मार्कमध्ये तिला हरवणारी आन से यंग तेव्हा 17 वर्षांची होती. पुढे तीच ऑलिंपिक विजेती झाली, पण त्या दिवशी बातमी एवढीच होती की जगज्जेती एका शाळकरी मुलीकडून हरली. जाहिरातींचा टोमणाही याच काळातला. ‘फोर्ब्स’च्या 2018च्या यादीत सर्वाधिक कमाई करणाऱ्या महिला खेळाडूंमध्ये ती सातवी होती, 85 लाख डॉलरसह. तो आकडा लोकांच्या डोक्यात पक्का बसला. जिंकताना त्याचा अभिमान वाटला, हरताना तोच आरोपपत्रात आला.

तिच्या बोलण्याभोवतीचा संशयही वाढत गेला. ऑक्टोबर 2020मध्ये ती लंडनला गेली, तेव्हा घरच्यांशी बिनसल्याच्या बातम्या आल्या आणि तिने त्या जाहीरपणे खोडून काढल्या. 2 नोव्हेंबरला तिने ‘मी निवृत्त होते’ असे ठळक अक्षरांत लिहून टाकले. पुढे वाचल्यावर कळत होते की निवृत्ती नकारात्मकतेतून, भीतीतून, महामारीच्या अनिश्चिततेतून होती, खेळातून नव्हे. तोवर अनेकांनी निरोपाचे संदेश लिहूनही टाकले होते. हा प्रकार मला तरी रुचला नव्हता. माध्यमे अर्धे वाक्य उचलतात अशी तक्रार असताना आपणच अर्धे वाक्य पुढे करायचे, हे बरे नव्हे.

टोकियोत कांस्य आले, टीका काही महिने थंडावली. एप्रिल 2022मध्ये मनिलाला आशियाई बॅडमिंटन अजिंक्यपद स्पर्धेच्या उपांत्य फेरीत यामागुचीविरुद्ध पहिला गेम जिंकून दुसऱ्यात आघाडीवर असताना सर्व्हिसला उशीर केल्याबद्दल पंचांनी तिचा एक गुण कापला. ती पंचांशी भांडली आणि सामना हरली. हा अन्याय असल्याचे तिने सांगितले, तेव्हा बऱ्याच जणांना ती सबब वाटली. दोनेक महिन्यांनी आशियाई महासंघाच्या तांत्रिक समितीने मानवी चूक झाल्याचे मान्य करून दिलगिरी व्यक्त केली. तिला रडकी म्हणणाऱ्यांपर्यंत ती बातमी बहुधा पोहोचलीच नाही.

ऑगस्ट 2022मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल सुवर्ण जिंकताना घोट्याला स्ट्रेस फ्रॅक्चर झाले आणि ती पाच महिने बाहेर बसली. परतल्यावर क्रमवारी कोसळणारच होती, कारण ती मागच्या 52 आठवड्यांतल्या सर्वोत्तम दहा स्पर्धांवर ठरते. 2023मध्ये ती पहिल्या दहांतून बाहेर गेली, प्रशिक्षक बदलत राहिले.

पॅरिस 2024पर्यंत ही सगळी कटुता साचलेली होती. सिंधू उपउपांत्यपूर्व फेरीत हे बिंगजियाओकडून हरली, पुरुष दुहेरीतली सात्त्विक-चिराग जोडी उपांत्यपूर्व फेरीत आटोपली आणि लक्ष्य सेन कांस्याच्या लढतीत पहिला गेम जिंकूनही ली झी जियासमोर निष्प्रभ ठरला. त्यावर मार्गदर्शक प्रकाश पदुकोण स्पष्टच बोलले: सरकार, महासंघ यांनी आपापले काम केले आहे, आता जबाबदारी खेळाडूंनी घ्यावी. चाहत्यांचे उभे दोन तट पडले. दुहेरीतली खेळाडू अश्विनी पोनप्पाने जाहीर उत्तर दिले. जिंकल्यावर श्रेय घ्यायला सगळे येतात, मग हरल्यावर एकटा खेळाडूच कसा दोषी, प्रशिक्षकांची जबाबदारी काही नाही का, असा तिचा सवाल होता. सुनील गावसकरांनी आपल्या स्तंभात पदुकोण यांची बाजू उचलून धरली आणि सबबी सांगण्यात आपला देश सुवर्ण मिळवेल, असा चिमटा काढला.

पदुकोण यांचा मुद्दा चूक नव्हता, वेळ चुकली असे मला वाटते. सामना संपून तासही झाला नसताना जे बोलले जाते ते सल्ला म्हणून कोणी ऐकत नाही. शिवाय ‘सगळे काही दिले’ हे विधान खेळाडूंच्या कानांना वेगळे लागते. पॅरिसच्या महिनाभर आधीच मुंबईकर चिराग शेट्टीने एक तक्रार केली होती. टी-20 विश्वचषकानंतर राज्य सरकारने क्रिकेट संघाला 11 कोटी जाहीर केले, पण 2022मध्ये बँकॉकला थॉमस कप ही पुरुषांची जागतिक सांघिक स्पर्धा जिंकणाऱ्या संघातला महाराष्ट्राचा एकमेव खेळाडू असूनही आपला साधा सत्कारही झाला नाही, असे त्याचे म्हणणे होते. क्रिकेटपटूंबद्दल आकस नाही, हे त्याने आवर्जून सांगितले होते. तरी चर्चा ‘क्रिकेटवर जळतो’ या वळणावर गेलीच.

त्यानंतर डिसेंबर 2024मध्ये लखनौची सय्यद मोदी स्पर्धा जिंकून सिंधूने दोन वर्षांहून अधिक काळचा विजेतेपदाचा दुष्काळ संपवला आणि त्याच महिन्यात तिचे लग्न झाले. साहजिकच 2025च्या सुरुवातीच्या पराभवांचे खापर लग्नावर फुटले. ऑगस्टमध्ये पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत तिने क्रमवारीत दुसऱ्या असलेल्या वँग झियीला सरळ दोन गेममध्ये घरी पाठवले, तेव्हा तेच लोक ‘सिंधू इज बॅक’ लिहीत होते. पुढच्याच फेरीत इंडोनेशियाच्या पुत्री कुसुमा वर्दानीने तिला तीन गेममध्ये हरवले आणि जागतिक स्पर्धेतले सहावे पदक हुकले. ऑक्टोबरअखेर पायाच्या दुखापतीमुळे तिने उरलेल्या मोसमातून माघार घेतली. त्या निवेदनाखाली ‘लवकर बरी हो’ म्हणणारेही होते आणि ‘आता थांबा’ म्हणणारेही.