शीट एकच ठेवा: नकाशे आणि आलेखांचं काम दिलेल्या ग्राहकांसाठी

आमच्याकडे काम सुरू आहे म्हणजे गुगल शीट, लिंक, एडिटची परवानगी हे तुम्हाला नवं नाही. त्यामुळे ते पुन्हा सांगत नाही. हे पत्रक काढलंय ते एका प्रश्नासाठी: "आकडे पाठवून चार दिवस झाले, नकाशा अजून जुनाच कसा?"

बहुतेक वेळा आकडे शीटमध्ये आलेलेच नसतात, व्हॉट्सॲपवर आलेले असतात. एका तालुक्याचे समन्वयक शीट डाउनलोड करून एक्सेलमध्ये भरतात आणि 'फायनल नवीन २' म्हणून ग्रुपवर टाकतात. तोवर दुसऱ्या तालुक्यातल्या ताईंनी मूळ शीटमध्येच दुरुस्त्या केलेल्या असतात. आता फाइली दोन, आणि दोन्ही अर्ध्या-अर्ध्या बरोबर. पाठवलेल्या प्रतीत एखादा रकाना रिकामा दिसला, तर तो आकडा कुणी मुद्दाम काढला की डाउनलोड केला तेव्हा भरलेलाच नव्हता, हे फाइल पाहून सांगता येत नाही. मग फोन, मग "विचारून सांगतो", की दिवस गेलाच.

नकाशा आकडे उचलतो तो थेट वेबवर प्रकाशित केलेल्या मूळ शीटवरून. मूळ शीटमध्ये भरा, साधारण ५ मिनिटांत नकाशा बदलेल. मध्ये आमची गरजच नाही, आणि त्याचे पैसेही नाहीत. प्रती जुळवण्याच्या कामाचं बिल मात्र आम्ही वेगळं लावतो. काहींना ते खटकतं, पण नवा नकाशा काढण्यापेक्षा त्याला जास्त वेळ जातो.

शीटमध्ये भरताना 'नोंद क्र.' हा पहिला रकाना आणि वरची शीर्षकांची ओळ आम्ही लॉक करतो. कारण नकाशाचा प्रोग्रॅम रकाना नावावरून शोधतो. 'क्षेत्र'चं 'एकूण क्षेत्र' झालं की आलेख कोरा. सॉर्ट करायचं असेल तर 'डेटा' मेनूतून फिल्टर व्ह्यू घ्या, म्हणजे तुमची मांडणी तुमच्यापुरती राहते. एकच रकाना निवडून सॉर्ट केला की इगतपुरीचा पाऊस येवल्याच्या नावावर पडतो. खाली बेरजेची ओळ लिहू नका, नकाशा तिला एक गाव समजतो आणि सगळ्यात मोठं वर्तुळ तिथेच काढतो. सेल मर्ज करू नका. दुसऱ्याचा आकडा चुकीचा वाटला तर तो खोडू नका, त्या सेलवर कॉमेंट टाका. काही बिघडलंच तर घाबरू नका: 'फाइल' मेनूत व्हर्जन हिस्ट्री आहे, कालची शीट परत आणता येते. व्हॉट्सॲपवरच्या प्रतींना ही सोय नाही.

ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांच्यासाठी फॉर्म करून देतो. तालुका आणि गाव यादीतून निवडायचं, आकडा टाकायचा, बस.

गावाचा कोड कशाला, असंही विचारलं जातं. 'विंचूर' एवढंच लिहिलं तर निफाड तालुक्यातलं विंचूर, सिन्नरकडचं विंचूर दळवी की नाशिकजवळचं विंचूर गवळी? एकाच तालुक्याला कुणी बागलाण लिहितं, कुणी सटाणा, आणि नकाशावर नाशिक जिल्ह्याचे तालुके १५ ऐवजी १६ होतात. 'ऱ्ह' तर संगणकात दोन प्रकारे टाइप होतो. डोळ्याला सारखाच, प्रोग्रॅमला वेगळा. २०११ च्या जनगणनेचा सहा आकडी गाव-कोड असला की हे सगळं मिटतं. यादी आम्ही शीटमध्येच जोडून देतो. श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमधल्या फाइली असतील तर तशाच द्या, आजच्या युनिकोडमध्ये बदलून घेऊ.

पाण्याचे आकडे देणाऱ्या संस्थांनी एकक वेगळ्या रकान्यात लिहावं. गंगापूर धरणाची क्षमता ५,६३० दलघफू (दशलक्ष घनफूट), म्हणजे सुमारे १५९ दलघमी (दशलक्ष घनमीटर). दोन्ही एकाच रकान्यात मिसळली तर पस्तीस पटींचा फरक पडतो. शेतीच्या आकड्यांत हेच एकर आणि हेक्टरचं.

नकाशाखाली 'आकडे डाउनलोड करा' हे बटण आम्ही ठेवतोच. "आमची माहिती उघडी का?" ही काळजी रास्त आहे. पण आकडे उघडे असले की चूक गावातलाच माणूस दाखवून देतो, आणि ती तपासणी फुकटात होते. उघडं करायचं नाही ते म्हणजे नाव, मोबाइल, गट नंबर. हे रकाने नुसते 'हाइड' करून चालत नाही. शीटची प्रत काढणारा कुणीही ते पुन्हा उघडू शकतो. म्हणून ते पहिल्यापासून वेगळ्या फाइलीत ठेवतो आणि नकाशावर गावापर्यंतचीच माहिती जाते.

नकाशाच्या कोपऱ्यातली ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाच्या श्रेयाची ओळ काढून तिथे लोगो टाकायला सांगू नका. पायाभूत नकाशा फुकट मिळतो तो ती ओळ ठेवण्याच्या अटीवर. लोगोला वरती भरपूर जागा आहे.

नवीन काम द्यायच्या आधी शीटची व्ह्यू लिंक (फक्त पाहता येईल अशी) पाठवा. पहिली तपासणी मोफत: काय जसंच्या तसं चालेल, काय दुरुस्त करावं लागेल आणि खर्च किती, हे लेखी कळवतो. काम ठरलं तर आकडे भरणाऱ्या तुमच्या माणसांना एकदा तासभर शिकवायला आम्ही येतो, त्याचं वेगळं बिल नाही. त्या दिवशी प्रत्येक तालुक्यातून एक तरी माणूस हजर ठेवा.