दुर्गाबाई कामत आणि दुर्गा खोटे, या दोघी वेगळ्या आहेत

भारतीय सिनेमातली पहिली नटी कोण असं विचारलं की बरेच जण पटकन दुर्गा खोटे म्हणतात. खरं उत्तर दुर्गाबाई कामत. घोळ का होतो तेही समजण्यासारखं आहे, नाव सारखं, दोघी मराठी, आणि त्यात दुर्गा खोट्यांनाही सगळे आदराने दुर्गाबाईच म्हणायचे, मग नुसतं दुर्गाबाई म्हटलं की डोळ्यासमोर खोटेच येतात कारण आपण त्यांनाच पडद्यावर पाहिलंय. शिवाय त्यांना १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, त्यामुळे फाळक्यांच्या सिनेमात यांनीच काम केलं असणार असं वाटून जातं.

फाळक्यांच्या सिनेमात होत्या त्या कामत. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला तेव्हा फाळक्यांना तारामतीसाठी एकही बाई मिळाली नव्हती, कोठ्यावरच्या बायकांनासुद्धा विचारून झालं पण त्यांनीही नकार दिला, शेवटी हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना साडी नेसवून तारामती केलं. म्हणजे सिनेमात तोंड दाखवणं किती कमीपणाचं समजत असतील बघा. आणि त्याच वर्षी फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती म्हणून उभ्या राहिल्या, मोहिनी झाली होती त्यांची मुलगी कमलाबाई, जेमतेम तेरा वर्षांची. मायलेकी एकाच सिनेमात!

इथे अजून एक छोटा घोळ असतो तो पण सांगून टाकते. कुठे पहिली अभिनेत्री म्हणून कमलाबाईंचं नाव दिसतं, कुठे आईचं. सिनेमा एकच आहे, मोहिनी ही मुख्य भूमिका म्हणून पहिली नायिका कमलाबाई आणि पहिली अभिनेत्री दुर्गाबाई, असं साधारण म्हणतात. कमलाबाई पुढे गोखले झाल्या, चंद्रकांत गोखले त्यांचा मुलगा आणि विक्रम गोखले नातू, म्हणजे दुर्गाबाई कामत या विक्रम गोखल्यांच्या पणजी.

दुर्गाबाई हौस म्हणून यात आल्या नव्हत्या. नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या, पदरात लहान मुलगी, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा बाईने पोट भरायचं कसं? त्या फिरत्या नाटक मंडळीत शिरल्या आणि लेकीलाही सोबत घेऊन गावोगाव फिरल्या. लोकांनी नावं ठेवली ती ठेवलीच. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त हेच वाटतं की त्यांच्या आधी सिनेमाच्या वाटेने कोणी बाई गेलेलीच नव्हती, हिने केलं मग मी पण करते असं म्हणायला समोर कुणीच नाही.

आता दुर्गा खोटे. जन्म १९०५, मुंबईतलं सुखवस्तू लाड कुटुंब, वडील सॉलिसिटर, शिक्षण इंग्रजी शाळेत आणि मग सेंट झेवियर्स कॉलेजात. लग्नानंतर सासरची परिस्थिती बिघडली, दोन मुलं होती, म्हणून सिनेमात आल्या. गरज दोघींनाही होती, हे साम्य मात्र खरं आहे. पण यांचा पहिला सिनेमा 'फरेबी जाल' १९३१ चा, म्हणजे कामतांनंतर तब्बल अठरा वर्षांनी, आणि मधल्या काळात सिनेमा बोलायला लागला होता. कामतांनी मूकपटात पार्वती केली, तिथे आवाजाचा प्रश्नच नव्हता. खोट्यांना बोलपटांत संवादही म्हणायचे होते आणि गाणीही स्वतःच गायची होती.

म्हणून खोट्यांना 'पहिल्या' म्हणायचं तर ते वेगळ्या अर्थाने, चांगल्या घरातली शिकलेली मुलगी सिनेमात गेली आणि मानाने टिकली याचं सुरुवातीचं मोठं उदाहरण त्या. तेव्हा त्यांच्यावरही टीका झाली, फुकट काही मिळालं नाही. पण 'अमरज्योती'तली सौदामिनी, 'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई, 'बिदाई'मधली आई, पन्नासेक वर्षांचं काम आहे ते. त्यांनी 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्रही लिहिलं. कामतांची गोष्ट मात्र घरच्यांनी सांगितली तेवढीच आपल्यापर्यंत आली, म्हणून तर त्यांचं नाव दुसरीच्या नावाखाली झाकलं जातं आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

दोघींना जोडणारा धागा मला सापडला तो तारामतीचा. १९१३ ला ज्या भूमिकेसाठी बाई मिळाली नाही तीच तारामती १९३२ मध्ये प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त, पहिल्या मराठी बोलपटात, दुर्गा खोट्यांनी केली.