दुसरी सही

नागपूरच्या इतवारीतल्या आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी समाजाच्या ट्रस्टच्या सभेत उठून सभागृहाच्या पत्र्यांची बिलं मागितली होती. समाज कोणता ते लिहीत नाही, त्यांचाच त्रास वाढेल. सभेत कोणी चकार शब्द काढला नाही. मग हळूहळू लग्नपत्रिका येईनाशा झाल्या. पुढच्या वर्षी त्यांच्या आईच्या तेरवीला साठ पानांचा स्वयंपाक केला. जेवायला बसले अकरा, त्यातले सात ऑफिसातले.

धर्मादाय कार्यालयात का गेला नाहीत, असं मी विचारलं. "वकिलाला भेटलो ना भाऊ. तो म्हणे दावा लावाचा तर दोघं पायजेत. दुसरी सही कोन करते?"

वकील खरं तेच बोलला होता. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार ट्रस्टच्या कारभाराविरुद्ध दावा लावायचा तर तो स्वतः धर्मादाय आयुक्तांनी लावायचा, किंवा त्यांची लेखी संमती घेऊन ट्रस्टमध्ये हितसंबंध असलेल्या निदान दोघांनी. दोघांची ही अट १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही आहे. एकट्यादुकट्याने वैयक्तिक आकसापोटी विश्वस्तांना कोर्टात खेचू नये, हा त्यामागचा विचार. तो वाईट नाही. पण जिथे लग्न, मयत, उधारी, दुकानाचं गिऱ्हाईक सगळं एकाच समाजात आहे, तिथे हा दुसरा माणूस आणायचा कुठून?

वाळीत टाकणं आपल्याकडे नवं नाही. ग्रामण्य, प्रायश्चित्त, दंड भरून जातीत परत घेणं, हे शब्दच किती जुने आहेत. पण या प्रश्नावर कोर्टात सगळ्यात लांब लढाई झाली ती दाऊदी बोहरा समाजात, आणि तिचा एक धागा नागपूरशी जुळतो. १८४० मध्ये सेहेचाळिसावे दाई, म्हणजे बोहऱ्यांचे सर्वोच्च धर्मगुरू, वारल्यावर वारसावरून वाद झाला आणि एक गट वेगळा झाला. त्या गटाने पुढे १८९१ च्या सुमारास नागपुरात वस्ती केली, तीच मेहदीबाग. आपण सर्रास मेहंदीबाग म्हणतो आणि मेंदीची बाग डोळ्यांपुढे आणतो. नावाचा संबंध मेंदीशी नाही, मेहदीशी, म्हणजे पुढे येणार अशी श्रद्धा असलेल्या इमामाशी आहे. हे लोक बाहेर पडले ते आपली वस्ती उभी करूनच. जे आत राहून प्रश्न विचारत राहिले, त्यांचं मात्र कठीण झालं.

पहिला मोठा खटला गल्ल्याचा. मुंबईत सेठ चंदाभाईंच्या मजारीवर भाविक पैसे टाकत. तो पैसा दाईंचा खासगी की धर्मादाय, आणि हिशेब द्यायचा की नाही, हा मुख्य प्रश्न. १९१७ मध्ये दावा दाखल झाला, तोही ॲडव्होकेट जनरलच्या नावाने, म्हणजे सरकारी वकीलच वादी. त्यामागे मुंबईचे बोहरा उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांचे वारस होते. १९२१ मध्ये न्या. मार्टेन यांनी निकाल दिला: दाई इथे विश्वस्त आहेत, आणि विश्वस्ताला हिशेब द्यावाच लागतो. वादाच्या मुळाशी पैशाचा हिशेब होता. आणि तो मागणारे समाजातलेच होते. माझ्या मते सगळ्या इतिहासाची किल्ली इथे आहे. पाखंडी माणूस समाजाला फारसा टोचत नाही, तो आपसूक दूर जातो. टोचतो तो वही उघडा म्हणणारा, कारण तो उठून जात नाही.

त्याच सुमारास बुऱ्हाणपूरला, म्हणजे नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात, बहिष्काराचा वाद पेटला. तो प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टापर्यंत गेला आणि १९४७ मध्ये ठरलं की दाईंना बहिष्काराचा अधिकार आहे, पण तो अनिर्बंध नाही. दोनच वर्षांनी मुंबई सरकारने बहिष्कारबंदीचा कायदा केला. नागपूर तेव्हा मुंबई प्रांतात नव्हतं. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा चार विरुद्ध एक अशा मताने रद्द केला. धार्मिक कारणासाठीचा बहिष्कार हा पंथाच्या अंतर्गत कारभाराचा भाग, असं बहुमत. सरन्यायाधीश सिन्हा एकटे विरोधात होते. वाळीत पडलेल्याचे नागरी हक्कच जातात, त्याला समाजात जणू अस्पृश्य करून टाकलं जातं, हा त्यांचा मुद्दा.

सुधारक बोहऱ्यांच्या तक्रारींवरून जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने निवृत्त न्या. नरेंद्र नाथवानी यांचा आयोग नेमला गेला. १९७९ च्या त्याच्या अहवालात लग्नासाठी, दफनासाठी लागणारी रझा, म्हणजे दाईंची परवानगी, आणि तरुणपणीच घेतली जाणारी मिसाकची, म्हणजे दाईंशी निष्ठेची शपथ, यांतून माणूस कसा बांधला जातो ते आलं आहे. १९८६ मध्ये १९६२ च्या निकालाच्या फेरविचारासाठी याचिका झाली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती नऊ जणांच्या पीठाकडे सोपवली. सदतीस वर्षं!

मधल्या काळात महाराष्ट्रात विषय जातपंचायतीच्या वाटेने पुन्हा आला. २०१३ मध्ये अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली, ऑगस्टमध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. सामाजिक बहिष्काराचा कायदा त्यानंतर, १३ एप्रिल २०१६ ला मंजूर होऊन ३ जुलै २०१७ ला लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आरोपपत्रानंतर सहा महिन्यांत निकालाचं उद्दिष्ट. जात, पंथ, धर्म कोणताही असो.

या कायद्याखाली तक्रारीला दुसरी सही लागत नाही. हे मी त्या गृहस्थांना सांगितलं, तर त्यांनी विचारलं, गुन्हा काय म्हणून नोंदवायचा? कोणी ठराव केला नव्हता, फतवा काढला नव्हता, दारावर काही चिकटवलं नव्हतं. जेवायला आले नाहीत, एवढंच. ज्याला त्याला त्या दिवशी काहीतरी काम होतं.