शिलाईवर्गाला बाप्तिस्म्याचा दाखला लागतो का?

‘चर्चच्या सेवासंस्थेची मदत घेतली की धर्म बदलावा लागतो,’ हा मेसेज कोकणपट्टीत वर्षानुवर्षं फिरतोय. लोक काळजीपोटीच पुढे पाठवतात, म्हणून नीट पाहू.

आधी अर्ज मागा. वेंगुर्ल्याकडच्या एका शिलाईवर्गाचा मी वाचला. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, दोन फोटो, बस्स. माझ्यापुढच्या रांगेत मंगळसूत्रवाल्या होत्या, बुरखेवाल्याही.

दुसरं, कॅथलिक पंथात मोठ्या माणसाचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मात घेण्याचा विधी, असा हातोहात होत नाही. आधी बरेच महिने शिकवणी असते. त्यांच्याच १९८३च्या धर्मसंहितेतलं कलम ७४८ सक्तीला मनाई करतं. परदेशी देणग्यांचा २०१० चा कायदाही आहे: आमिषानं वा बळजबरीनं धर्मांतर केल्याबद्दल खटला किंवा शिक्षा झालेल्या संस्थेला नोंदणी मिळत नाही.

अर्थात, नियम आहे म्हणून तो सगळीकडे पाळला जातोच, असं मी म्हणणार नाही. म्हणून कागद बघायचा. संस्थेचा ट्रस्ट म्हणून असलेला नोंदणी क्रमांक घेऊन धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जा आणि परिशिष्ट १ चा उतारा मागा. थोडी फी पडते. त्यात विश्वस्त आणि संस्थेचा उद्देश लिहिलेला असतो. कुणी तोंडी अट घातलीच, तर ‘हे लिहून द्या’ म्हणा.