प्री-आउट की स्पीकर-आउट? फ्रंट स्पीकर नेमके कुठं जोडायचे

रविवारी सकाळी मिसळ खाऊन हात धुतो न धुतो तोच नाशिकच्या इंदिरानगरमधल्या मित्राचा फोन. ‘बाबांचा जुना स्टिरिओ अँप्लिफायर माळ्यावरून काढला, होम थिएटरच्या रिसीव्हरला जोडला. पण पिक्चर लावला की नुसतं धुम्म धुम्म. माणसं बोलतच नाहीत रे.’

जाऊन बघतो तर रिसीव्हरची मागची बाजू म्हणजे संध्याकाळचा रविवार कारंजा. त्या गर्दीत त्यानं ‘प्री-आउट’, म्हणजे दुसऱ्या अँप्लिफायरकडे आवाज न्यायचं सॉकेट, ही पाटी शोधून काढली होती, पण पिन खोचली होती ती सबवूफरच्या प्री-आउटमध्ये. तिथून साधारण ८० हर्ट्झच्या खालचा, म्हणजे नुसता बेसचा आवाज तेवढा बाहेर पडतो, मग संवाद येणार कुठून? स्वस्तातल्या बऱ्याच रिसीव्हरना सबवूफरचा तेवढाच प्री-आउट असतो, फ्रंटचा नसतोच. मित्राचं नशीब, त्याच्या रिसीव्हरला ‘फ्रंट’ लिहिलेली जोडीही होती.

प्री-आउट आणि स्पीकर-आउट या दोन्हींतून आवाजच बाहेर येतो, पाटीवरही दोन्हीकडे ‘आउट’च असतं, त्यामुळे गोंधळ होणं साहजिक आहे. फरक आहे तो ताकदीचा. प्री-आउटच्या गोल आरसीए सॉकेटमधून साधारण एखादा व्होल्ट मिळतो, आणि करंट तर नावालाच. अँप्लिफायरच्या इनपुटचा रोध साधारण दहा ते पन्नास हजार ओहम असतो, त्यामुळे त्याला तेवढं पुरतं. स्पीकर-आउट म्हणजे लाल-काळ्या फिरकीच्या खुंट्या. ८ ओहमच्या स्पीकरला १०० वॉट द्यायचे तर तिथं सुमारे २८ व्होल्ट आणि साडेतीन अँपिअर लागतात. म्हणजे १ व्होल्टाचे २८ व्होल्ट करायचे आणि वर स्पीकरचा कागद हलवण्याइतका करंट द्यायचा, हे पॉवर अँप्लिफायरचं काम. द्राक्षबागेत स्टार्टरचं बटण एका बोटानं दाबलं जातं, पाणी मात्र मोटार चढवते, तसंच काहीसं. फक्त इथं बटणाला आवाजाचा सगळा आकारही पोचवावा लागतो.

प्री-आउटला थेट स्पीकर जोडला तर कान लावूनही जेमतेम काहीतरी ऐकू येईल. उलटी चूक महागात पडते. स्पीकर-आउटची वायर कापून, तिला आरसीए पिन लावून दुसऱ्या अँप्लिफायरच्या साध्या इनपुटला देणारे बहाद्दर मी पाहिले आहेत. एखाद्या व्होल्टाची सवय असलेल्या जागी २८ व्होल्ट गेले तर आवाज फाटतो आणि इनपुट जळूही शकतं. काही सबवूफरना ‘हाय-लेव्हल इनपुट’ असतं, ते मात्र मुद्दाम स्पीकरच्या वायरींसाठीच केलेलं असतं. तिथं ही भीती नाही.

तिसरी चूक मला सगळ्यांत धोक्याची वाटते, कारण ती करणाऱ्याला आपण हुशारी केली असं वाटत असतं. रिसीव्हरची फ्रंट वायर स्पीकरला तशीच ठेवायची आणि जुन्या अँप्लिफायरची वायरही त्याच खुंट्यांवर चढवायची. ‘ताकद दुप्पट होईल ना?’ होत नाही. दोन अँप्लिफायर एकमेकांच्या आउटपुटमध्ये करंट ढकलतात आणि त्यात एकाचा, कधी दोघांचा बळी जातो. एका स्पीकरला एका वेळी एकच अँप्लिफायर. बाहेरचा जोडायचा तर रिसीव्हरच्या फ्रंट खुंट्या मोकळ्या सोडायच्या. सेंटर आणि मागचे स्पीकर पूर्वीसारखेच रिसीव्हरला राहू द्यायचे.

मग पिन जुन्या अँप्लिफायरच्या कुठल्या इनपुटला द्यायची? ‘ऑक्स’, ‘टेप’, ‘सीडी’ यांपैकी कुठलंही चालतं. ‘फोनो’ मात्र चालत नाही. हे मी स्वतः एकदा करून बसलोय. फोनो हे रेकॉर्ड प्लेअरच्या सुईसाठी असतं. ते आवाज जवळजवळ शंभर पट वाढवतं, शिवाय खालचा सूर फुगवतं आणि वरचा दाबतं, कारण रेकॉर्ड कोरताना त्याच्या उलट केलेलं असतं. माझ्या घरात त्या दिवशी बातम्या देणारी बाई रांजणात बसून बोलत होती. अँप्लिफायरला ‘मेन-इन’ किंवा ‘होम थिएटर बायपास’ असेल तर त्याहून चांगलं. तिथं त्याचं आवाजाचं बटण मधे येतच नाही.

ते नसेल तर एका आवाजाला दोन बटणं होतात, रिसीव्हरचं आणि अँप्लिफायरचं. अँप्लिफायरचं एका जागी कायम ठेवायचं आणि कमी-जास्त सगळं रिसीव्हरवरून करायचं. त्यानंतर रिसीव्हरसोबत आलेला माइक सोफ्यावर कानाच्या उंचीला ठेवून आवाजाची मोजणी पुन्हा करून घ्यायची, कारण बाहेरून जोडलेल्या अँप्लिफायरची वाढ सेंटरच्या वाढीशी जुळत नाही. रिसीव्हर प्रत्येक चॅनलचा, म्हणजे प्रत्येक स्पीकरचा आवाज साधारण १२ डेसिबल वर-खाली करू शकतो. त्या मर्यादेत बसलं नाही तर बटणाची जागा बदलून पुन्हा मोजायचं.

चालू करताना रिसीव्हर आधी, अँप्लिफायर शेवटी. बंद करताना उलटं, नाहीतर स्पीकरमध्ये ‘थप्प’ होतं. सतत घूंऽऽ येत असेल तर दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून पाहा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कापू नका.

आता माझं मत विचाराल तर कॉलेज रोड, गंगापूर रोडकडच्या साध्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये बहुतेकांना प्री-आउटची गरजच नसते. फ्रंट स्पीकर रिसीव्हरच्या लाल-काळ्या खुंट्यांना जोडा, लालला लाल आणि काळ्याला काळी, की झालं. एका बाजूची वायर उलटी झाली तर बेस पातळ होतो आणि गायक मधे उभा न राहता खोलीभर पसरतो, एवढं फक्त तपासा. वॉट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलच वाढतो, आणि कानाला ‘दुप्पट’ वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. वेगळा अँप्लिफायर घ्यायचा तो आवाज मोठा व्हावा म्हणून नाही. स्पीकर ४ ओहमचे आणि चालवायला जड असतील, किंवा घरात पिक्चरपेक्षा गाणी जास्त ऐकली जात असतील, तर त्याला अर्थ आहे. मित्राच्या बाबांकडे, म्हणजे काकांकडे दुसरं कारण होतं, म्हणून तासभर खटपट केली.

पिन सबवूफरमधून काढून फ्रंटमध्ये गेली, ऑक्स निवडलं, मोजणी झाली, माणसं बोलायला लागली. बटणाची जागा लक्षात राहावी म्हणून मी पेन्सिल मागितली, तर काकूंनी कपाळावरची टिकली काढून बारा वाजल्याच्या खुणेवर चिकटवली. ‘आता याला कुणी हात लावायचा नाही,’ त्या म्हणाल्या. काका तोवर कॅसेटचा डबा शोधायला माळ्यावर चढले होते.